हात खाली येतात तेव्हा

पत्र असं आहे:

"आईला जाऊन आठ महिने झाले. त्याआधी मी रोज पहाटे उठून वचन वाचायचे, प्रार्थना करायचे आणि तेवढं मला दिवसभर पुरायचं. आता पुस्तक उघडलं की नुसती अक्षरं दिसतात. वर्षात संपूर्ण बायबल वाचायचं म्हणून फोनवर योजना घेतली होती, ती लेवीय या पुस्तकात अडकली. तिथे आता लाल अक्षरांत '६१ दिवस मागे' असं येतं. रविवारी उपासनेत डोळे भरून येतात, वाटतं सगळं जागेवर आलं. मंगळवारी मुलांवर खेकसते तोवर सगळं ओसरलेलं असतं. मागच्या आठवड्यात 'प्रभू, आता तूच काहीतरी बोल' म्हणून डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. निघालं काय, तर परमेश्वराचा आत्मा शौल राजाला सोडून गेला. त्या रात्री झोप लागली नाही. मंडळीतल्या एका बाईंपाशी बोलले, तर त्या म्हणाल्या, 'तुमचा विश्वास कमी पडतोय.' पडतही असेल. आईचं बायबल कपाटात आहे, ते तर हातातच घेववत नाही. वचनात स्थिर राहा, स्थिर राहा, असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय, ते कुणी सांगत नाही."

सहीच्या जागी लिहिलंय, 'एक डळमळीत बहीण'.

प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम.

सगळ्यात आधी ते ६१ दिवस. फोन हातात घ्या आणि ती योजना काढून टाका. 'आजपासून नव्याने सुरू करा' असं एक बटण असतं, तेही दाबू नका. काढूनच टाका, मग पुढे वाचा. मी थांबते.

झालं? आता माझं सांगते. मीही खुणा करणारी बाई आहे. लग्नानंतरच्या वर्षांत माझ्याकडे छापील तक्ता होता. ६६ पुस्तकांचे मिळून १,१८९ अध्याय, आणि तितकेच चौकोन. बायबल नवंकोरं, सोनेरी कडांचं. अशा पुस्तकाची पातळ पानं कडेला एकमेकांना चिकटलेली असतात, पहिल्यांदा सोडवताना बारीक टर्र असा आवाज होतो. तक्ता पुरा झाला. पाळकसाहेबांना नेऊन दाखवलासुद्धा, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांनी काही कामासाठी त्यातलं गणना हे पुस्तक उघडलं आणि पानाच्या कडेला तो आवाज झाला. ती दोन पानं कधी उघडलीच नव्हती. तक्त्यावर मात्र त्या अध्यायापुढे निळ्या शाईची ठसठशीत खूण! अध्याय होता सहावा, 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो' हे शब्द ज्यात आहेत तो. दर रविवारी उपासना संपताना मान लववून मी ते शब्द डोक्यावर घेत होते, आणि ते जिथे लिहिलेत ते पान माझ्या घरी बंद होतं.

तक्ते वाईट म्हणून हे सांगत नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी इथले पाळक रॉबर्ट मरे मॅक्‌शेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा तक्ता केला. आजच्या फोनवरच्या कित्येक योजनांचा तो आजोबा म्हणा. पण या भल्या माणसाने तक्त्याबरोबरच त्याचे धोकेही लिहून दिले होते: वाचन नुसता रिवाज होऊन बसेल, वाचल्याचा ताठा चढेल, घाईघाईत वरवर वाचलं जाईल, आणि काहींना ते जोखड पेलणारच नाही. पुढच्याच वर्षी ते वारले, वय अवघं २९. तक्ता जगभर गेला. त्या धोक्यांकडे फार थोड्यांनी पाहिलं असावं. तुमच्या मानेवर आज शेवटचं, न पेलणारं जोखड आहे आणि ते तुम्ही नुकतंच उतरवलंत.

आता ते बोट आणि शौल. यावर जरा थांबू या, कारण तुमची झोप यानेच उडाली.

१ शमुवेल १६:१४. तुमचं बोट पडलं त्याच्या एकच वचन वर जा. शमुवेल संदेष्टा तेलाचं शिंग घेतो, मेंढरांमागून बोलावून आणलेल्या धाकट्या पोराचा अभिषेक करतो आणि परमेश्वराचा आत्मा दाविदावर येतो. मग तुमचं वचन. एका राजाचा अधिकार काढून दुसऱ्याला दिला जातोय, त्याची ती हकिगत. तुमच्या आईच्या जाण्याशी आणि मंगळवारच्या खेकसण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. पण मला दाखवायचंय ते पुढे आहे. हाच दावीद राजा झाल्यावर बथशेबाच्या प्रकरणात घसरला, तिचा नवरा उरीया याचा जीव घेऊन बसला, आणि ५१व्या स्तोत्रात त्याने काय मागितलं? तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस. शौलाचं काय झालं ते त्याने हाताच्या अंतरावरून पाहिलं होतं. त्याच्यासमोर बसून वीणा वाजवली होती, त्याने फेकलेला भाला चुकवला होता. तुम्हाला त्या रात्री वाटली ती भीती दाविदाला चांगली ठाऊक होती, आणि ती भीती घेऊन तो देवाकडेच धावला. शौलाचं उलट होतं. त्याला नाकारल्याचं शमुवेलाने तोंडावर सांगितलं तेव्हा त्याचं मागणं काय, तर वडीलजनांपुढे माझा मान राख. तुमच्या पत्रात मानाचा एक शब्द नाही. देव सोडून गेला की काय या काळजीने ज्या बाईची रात्र डोळ्यांवरून गेली, तिची जागा या गोष्टीत कुणाच्या शेजारी आहे ते तुम्हीच बघा.

संत ऑगस्टिननेही बायबल असंच उघडलं होतं की, असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. खरं आहे. इसवी सन ३८६, मिलानमधली बाग, कुठूनतरी 'घे, वाच' असा लहान मुलाचा आवाज, आणि पुस्तक उघडताच रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. पण ते पुस्तक आभाळातून पडलं नव्हतं. प्रेषित पौलाची ही पत्रं तो आधीपासून वाचत होता. वाचता वाचता तिथेच ठेवून उठला होता आणि परत येऊन तेच उचललं. ज्या घरात रोजचं जाणं-येणं आहे, तिथे एखाद दिवशी दार आपोआप उघडं सापडतं. चिठ्ठी उचलल्यासारखं बायबल उघडणं वेगळं. रानात येशूची परीक्षा झाली तेव्हा सैतानाने ९१व्या स्तोत्रातलं एक वचन असंच सुटं काढून त्याच्यापुढे टाकलं होतं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूचं उत्तर पाहा, ते 'आणखी असाही शास्त्रलेख आहे' असं सुरू होतं. त्या 'आणखी'वर माझा फार जीव आहे. येशूची तिन्ही उत्तरं अनुवाद नावाच्या पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. सबंध पुस्तकातून शोधाशोध केलेली नाही. एकाच ठिकाणचं, पण अंगात मुरलेलं.

रविवार ते मंगळवार याबद्दल थोडक्यात. निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवा, इस्राएल लोकांना रानात देवाने दिलेलं अन्न. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. कुणी उद्यासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडायचे, घाण सुटायची. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेलाच तेवढा टिकायचा. रविवारची भरती मंगळवारी नसते, कारण ती रविवारची होती. त्यात तुमचं पाप कुठे आलं? मुलांना मात्र रात्री झोपवताना 'आज माझं चुकलं' म्हणा. मुलं आपल्यापेक्षा लवकर क्षमा करतात.

आता मूळ प्रश्न. स्थिर राहायचं म्हणजे काय?

निर्गमचाच सतरावा अध्याय. इस्राएलाची अमालेक या शत्रूशी लढाई चालू आहे आणि मोशे टेकडीच्या माथ्यावर उभा आहे. त्याचे हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकाची. होता होता मोशेचे हात भरून आले. तेव्हा लोकांनी एक धोंडा आणून त्याच्याखाली ठेवला, तो त्यावर बसला, आणि अहरोन व हूर यांनी एकाने या बाजूने, एकाने त्या बाजूने त्याचे हात धरून ठेवले. मग त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत स्थिर राहिले. या 'स्थिर'च्या जागी मूळ इब्री शब्द आहे 'एमुना'. हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायात 'नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल' असं आपण वाचतो, तिथला 'विश्वास' म्हणजे हाच शब्द. प्रार्थना संपवताना म्हणतो ते 'आमेन' याच धातूतलं. आणि बायबलमध्ये एमुना पहिल्यांदा भेटतो तो इथे, या टेकडीवर. एका दमलेल्या म्हाताऱ्याच्या हातांबद्दल, ज्याच्या बुडाखाली दगड सरकवलाय आणि ज्याला दोन्हीकडून माणसांनी धरलंय.

त्या दिवशी मोशेचा विश्वास कमी पडला असं तिथे कुणी म्हणालं नाही. त्याचे हात जड झाले, एवढंच लिहिलंय. आठ महिने तुमचेही हात वर आहेत.

त्या बाई वाईट मनाने बोलल्या नसतील. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, ते छानच केलं त्यांनी. तोंड उघडलं तिथून बिघडत गेलं.

तेव्हा मला तुम्हाला दोन गोष्टी मिळवून द्यायच्या आहेत, दगड आणि माणसं.

दगड लहान असावा. महिनाभर ४२वं आणि ४३वं स्तोत्र, एवढंच. दोन्ही मिळून सोळा वचनं. पुष्कळ इब्री हस्तलिखितांत ही दोन्ही मिळून एकच स्तोत्र आहे. वाचलं की आपल्यालाही कळतं, कारण तेच पालुपद तीनदा येतं: 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस?' हा माणूस मंदिरापासून लांब कुठेतरी आहे. पूर्वी तो सणाच्या गर्दीबरोबर गात गात देवाच्या घराकडे जायचा, आणि आता तीच आठवण त्याला खाते. आसवं हाच त्याचा रात्रंदिवसाचा आहार. त्यात लोक विचारतात, कुठे आहे तुझा देव?

आता जरा बारकाईने पाहा. पालुपदात तो जिवाला समजावतो, देवाची आशा धर, मी पुन्हा त्याचं गुणगान गाईन. आणि लगेच पुढचं वाक्य काय? 'हे माझ्या देवा, माझा जीव खिन्न झाला आहे.' म्हणजे समजावून काही उपयोग झाला नाही! मग लाटांवर लाटा अंगावरून जातात, देवाला तो सरळ विचारतो की तू मला का विसरलास, आणि पुन्हा तेच पालुपद म्हणतो. ४३व्यात पुन्हा तक्रार, तू मला का टाकलंस? तुझा प्रकाश आणि तुझं सत्य पाठव, ती मला तुझ्या डोंगरावर आणोत, असं मागणं. मग तिसऱ्यांदा पालुपद, आणि स्तोत्र संपलं. तिसऱ्यांदा तरी त्याला बरं वाटलं का? लिहिलेलं नाही. मी कित्येक वर्षं हे स्तोत्र 'निराशेतून आशेकडे' अशा मथळ्याखाली शिकवत होते. नीट वाचल्यावर तो मथळा खोडला.

हे कसं वाचायचं? मोठ्याने. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो असं आहे, आणि मनन म्हटलं की आपल्याला मिटलेले डोळे दिसतात. मूळ क्रियापद तोंडाने पुटपुटण्याचं आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला तेच क्रियापद लावलंय, आणि अडतिसाव्यात आजारी हिज्कीया राजा 'मी पारव्यासारखा कण्हतो' म्हणतो तिथेही तेच. म्हणजे दोन्हींची मुभा आहे. गुरगुरा नाहीतर कण्हा, पण ओठ हलू द्या. डोळ्यांनी वाचताना मन निसटतं, ओठांना ते तितकं सहज जमत नाही.

आणि लिहा. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी नियम आहे की गादीवर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि जन्मभर वाचावी. दिमतीला लेखनिक असणाऱ्या माणसाला हे काम सांगितलंय. तुम्ही साधी वही घ्या, रोज एक वचन उतरवा, खाली एक ओळ तुमची. ओळ कशीही चालेल. माझ्या एका जुन्या वहीत 'आज काही वाटलं नाही' ही ओळ सलग अकरा दिवस आहे. बाराव्या दिवशी फक्त 'पाऊस' असं लिहिलंय, का ते आता आठवत नाही. सोळा दिवसांनी वचनं संपतील, मग त्याच पानांवर, त्याच वचनांखाली दुसरी ओळ. पहिली ओळ वाचून हसू येईल किंवा रडू येईल. दोन्ही ठीक.

एवढंही होणार नाही असे दिवस येतील. चौथ्या शतकातले वाळवंटातले संन्यासी एव्हाग्रिअस यांनी या मरगळीचं वर्णन करून ठेवलंय. तिला ते ९१व्या स्तोत्रातल्या शब्दांवरून भरदुपारचं भूत म्हणतात. दिवस पन्नास तासांचा वाटतो, नजर सारखी खिडकीकडे जाते. वाचायला बसलेला साधू जांभया देतो, डोळे चोळतो, पुढे किती पानं उरली ते मोजतो आणि शेवटी पुस्तक डोक्याखाली घेऊन झोपतो. पानं मोजतो! तुमचे ते लाल ६१ दिवस सोळाशे वर्षांपूर्वीही होते म्हणायचे. याच वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांकडून शिकून जॉन कॅसियन यांनी पुढे पाचव्या शतकात एक सोपी वाट लिहिली: ७०व्या स्तोत्राचं पहिलं वचन दिवसभर, कामात, चालताना, भीतीत, रागात तोंडी ठेवायचं. 'हे देवा, मला सोडव. हे परमेश्वरा, मला साहाय्य करण्यास त्वरा कर.' मुलांवर ओरडण्याआधी जो एक श्वास घेतो, त्यात हे बसतं. नेहमी सुचेल असं नाही. मलाही निम्म्या वेळा ओरडून झाल्यावरच आठवतं.

फुलांच्या चित्रावर लिहिलेलं यिर्मया २९:११ तुम्हाला एव्हाना चार जणांनी तरी पाठवलं असेल, तुम्ही लिहिलं नसलं तरी. 'तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत.' खरं वचन आहे, पण त्याचंही एक वचन वर बघा. तिथे ७० वर्षं आहेत. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं ते पत्र आहे. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, परतायला वेळ आहे, असं सांगणारं. दोन वर्षांत सगळं सुरळीत होईल म्हणणारा हनन्या नावाचा संदेष्टा आदल्याच अध्यायात आहे, आणि तो खोटा ठरला. रोमकरांस ८:२८चंही तसंच. सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे पौल म्हणतो ते तीन कण्हण्यांनंतर. आधी सृष्टी कण्हते, मग आपण कण्हतो, मग आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. अठ्ठाविसावं वचन हवं असेल तर सव्विसावं आधी घ्या. तुम्हाला शब्द सुचत नाहीत तिथली प्रार्थना तिथे चालू आहे.

देवाशी असं वाकडं बोलावं का, याची धास्ती नको. 'तुझी वचने मला मिळाली आणि मी ती खाल्ली, ती माझ्या जिवाचा उल्हास झाली' हे यिर्मयाचं वाक्य आपण भिंतीवर लावतो. पंधराव्या अध्यायाचं सोळावं वचन. त्याच अध्यायात दोनच वचनं खाली तोच माणूस देवाला विचारतो, तू मला आटून जाणाऱ्या, फसव्या ओढ्यासारखा होणार का? भिंतीवर ते कुणी लावत नाही, पण पवित्र शास्त्रात ते आहे, खोडलेलं नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही स्तोत्रच होतं, बाविसावं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?'

आता माणसं. त्या बाई नकोत, दुसरं कुणीतरी. मंडळीतली अशी एक व्यक्ती शोधा जिला कमी बोलता येतं. तिला एवढंच सांगा, 'मला वाचवत नाही. आठवड्यातून दोनदा फोनवर मला एक भाग वाचून दाखवाल का? समजावू नका.' यात कमीपणा वाटून घेऊ नका. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात आशीर्वाद आहे तो वाचून दाखवणाऱ्या एकाला आणि ऐकणाऱ्या अनेकांना. पंधराव्या शतकाच्या मध्यावर छपाई सुरू होईपर्यंत बहुतेक ख्रिस्ती माणसांच्या घरात स्वतःचं बायबल नव्हतंच. ऐकून ऐकूनच त्यांनी ते अंगी लावून घेतलं. पहाटे, एकटीने, आपल्या आपण वाचलं तरच ते खरं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्याने पंधराशे वर्षांची मंडळी हिशेबातून वगळली. कूशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने रथाशेजारून विचारलं, तुम्ही वाचता ते समजतं का? तो म्हणाला, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? आणि त्याला वर आपल्याशेजारी बसवून घेतलं. एक हूर फोनवर मिळाला तर अहरोन पाळकांना करा. त्यांना भेटून सांगा की आईच्या दुःखात मी वाचू शकत नाही. 'माझा विश्वास डळमळलाय' असं सांगू नका, नाहीतर भलतीच शिकवण सुरू होईल.

आणखी एक, हे टाळू नका. झोप आणि भूक कित्येक आठवडे उडालेली असेल, सकाळी उठणंच अशक्य वाटत असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच्या आज कुणाला तरी सांगा आणि एकटीने राहू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणून पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा भाकर दिली, 'कारण तुला दूरचा पल्ला आहे.' देवाने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली ती तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

महिना झाल्यावर मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, तेही मुलांना वाचून दाखवत. मार्क भराभर सांगतो, मुलं कंटाळणार नाहीत. लेवीयशी भांडण ठेवू नका. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे त्याच्याच एकोणिसाव्या अध्यायात आहे. पण त्याची वेळ पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या.

आईचं बायबल कपाटातच राहू दे. आठ महिने म्हणजे काहीच नाही. कधी उघडाल तेव्हा वाचायला म्हणून उघडू नका, तिच्या खुणा बघायला उघडा. कुठे रेघ असेल, कुठे तारीख, कुठे घडी पडलेला कोपरा. ४२व्या स्तोत्रापाशी काही आहे का ते पाहा. नसेल तर नसेल.

राहता राहिली तुमची सही. ११९वं स्तोत्र सबंध बायबलमधलं सगळ्यात लांब. १७६ वचनं, इब्री मुळाक्षरं बावीस म्हणून बावीस कडवी, प्रत्येकात आठ-आठ, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत देवाचं वचन, आज्ञा, नियम यांचंच गुणगान. ज्याला वचनाचं इतकं वेड आहे असा माणूस शेवटी कुठे पोचला असेल? शेवटचं वचन आहे: हरवलेल्या मेंढरासारखा मी भटकलो आहे, तू आपल्या दासाचा शोध कर.

महिन्याने पत्र लिहा, वहीतल्या दोन ओळी कळवा. सही हीच चालेल.